पाताळात चौविहार

संध्याकाळचे पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. माझ्या डोक्यावर शिंपल्यांचा मुकुट होता, हनुवटीला निळी दाढी चिकटवलेली होती, हातात त्रिशूळ होता. आणि समोर बसलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बा हात जोडून मला सांगत होत्या, "भाई, मला भूक नाय."

सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटांनी होता. म्हणजे तेहतीस मिनिटं उरली होती. त्यानंतर बा अन्न तर सोडाच, पाण्याचा थेंबही घेणार नव्हत्या, थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आणि त्यांनी दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. कारण मीच त्यांना सांगितलं होतं, पोट मोकळं ठेवा, आज पाताळच्या राजाकडे जेवण आहे.

पाताळचा राजा म्हणजे मी.

हे जरा नीट सांगतो. मी सुहास, वय एकावन्न. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये घर आहे, तिथे वर्षातले चार महिने राहतो. उरलेले आठ महिने जहाजावर. आमच्या सोसायटीतले लोक अजून बायकोला विचारतात, "भाऊ नेव्हीत ना?" पूर्वी ती समजावून सांगायची. आता हो म्हणते.

मी क्रूझवर हेड वेटर आहे. क्रूझ म्हणजे समुद्रात चालणारं हॉटेल. माझ्या हाताखाली सहा वेटर्स आणि बावीस टेबलं. या सगळ्याला मिळून 'स्टेशन' म्हणतात. आमचं जहाज मुंबईहून निघतं, गोव्याला जातं आणि तीन रात्रींनी परत येतं. गिऱ्हाईक बहुतेक कुटुंबं. आजी, आजोबा, मुलं, नातवंडं, आणि बॅगेत लपवलेला चिवडा. बॅगेतून बाहेरचं खाणं आणायला बंदी आहे, पण चिवड्याचा वास ओळखता येत नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलेलं आहे.

जहाजावर तीन थीम रेस्टॉरंट्स आहेत. एक सर्कस, एक जंगल आणि एक पाताळ. प्रत्येक कुटुंबाला रोज रात्री वेगळं रेस्टॉरंट मिळतं आणि प्रत्येकात एकदाच जाता येतं. पाताळ म्हणजे समुद्राचा तळ. एकही खिडकी नाही. भिंतीभर स्क्रीन, त्यांवरून देवमासे फिरतात. छताला बोटींचे तळ लटकवलेत, म्हणजे आपण खालून वर बघतोय असं वाटावं. सात वाजता वादळ होतं, दिवे निळे-जांभळे होतात आणि धुरातून पाताळचा राजा अवतरतो. या कामाचा वेगळा पगार मिळत नाही. खरं सांगायचं तर मागितला असता तर मीच कंपनीला दिला असता. लहानपणी गणपतीतल्या नाटकात मला कायम झाडाचं काम मिळायचं. त्याची भरपाई पन्नाशीत चालू आहे.

तर प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या वेळी, चाळिशीचा एक गृहस्थ माझ्यापुढे थांबला. आमच्या नेमटॅगवर नावाखाली गावही लिहिलेलं असतं. त्याने ते वाचलं.

"आप भाईंदर से?"

"इंद्रलोक."

"फेज?"

"दोन."

"अरे, मग आपलं केबिन रोडला दुकान आहे ना. साड्यांचं." इथे हिंदी संपली. आमच्याकडे असंच असतं. सुरुवात हिंदीत होते, पत्ता कळला की भाषा ठरते.

त्याचं नाव हितेश. बरोबर बायको, आठ वर्षांची मुलगी जिया आणि आई, म्हणजे बा. बा चौविहार पाळतात. जैन मंडळींमधले पुष्कळजण पाळतात, सूर्य मावळल्यावर अन्न आणि पाणी दोन्ही बंद. आमचं पहिलं जेवण, ज्याला आम्ही 'फर्स्ट सीटिंग' म्हणतो, साडेसहाला सुरू होतं. डिसेंबरात तोवर सूर्य बुडालेला असतो. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी बांनी साडेपाचला केबिनमध्ये एकटीने खाकरा खाल्ला. बाकीचे सर्कस रेस्टॉरंटमध्ये गेले. तिथे जियाने पहिल्या घासाला विचारलं, बा कुठे आहे. दुसऱ्या घासाला उठली आणि केबिनमध्ये जाऊन बाजवळ बसली.

"मग मी बाला बोललो," हितेश म्हणाला. "बोललो, एक दिवस चालतं, जहाज आहे, कोण बघतंय. नको बोलायला पाहिजे होतं. बा बोलली, तुम्ही फिरा, मी आता कुठे येणार नाय, मला खोलीतच बरं. काल रात्रीपासून बाहेर नाय आली ती." मग म्हणाला, "तिला आणायला मीच सहा महिने मागे लागलो होतो. चार जणं एका टेबलावर बसून एकदा जेवली असती, बस. आज आमचं पाताळ आहे."

मी त्याला म्हटलं, "हितेशभाई, तुम्ही योग्य माणसाकडे आलात."

हे वाक्य मी फार रुबाबात म्हटलं. त्याला कारण होतं. आम्ही भाईंदरला राहायला आलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई फोर्टला नोकरीला. शाळा सुटली की मी शेजारच्या जसुमासींकडे. त्या जैन. त्यांच्या घरी पावणेसहाला पानं मांडली जायची, त्यांच्या तीन मुलांबरोबर चौथं माझं. मग साडेआठला आई आली की मी घरी पुन्हा जेवायचो. माझ्या आजच्या शरीरयष्टीचा पाया तिथे घातला गेला. त्या दहा वर्षांत मी सगळं शिकलो होतो. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर नाही, आलंसुद्धा नाही, कच्चं दही आणि डाळ एका वेळी नाही. जहाजावर कुणालाही जैन जेवणाबद्दल शंका आली की माझ्याकडे पाठवायचे. मला वाटायचं, यातलं मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही.

आधी साहेबांना गाठायचं होतं. आमचे रेस्टॉरंट मॅनेजर कुट्टी. केरळचे, बारीक, सरळ, घड्याळासारखे. माझ्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात ते लिहिणार होते.

"सर, पाताळ आज पाच वाजता एका टेबलापुरतं उघडायचंय."

"नहीं."

"चारच कव्हर्स आहेत. एक आजी चौविहार पाळतात." कव्हर म्हणजे एका माणसाचं पान.

"सुहास, पाच से सवाछह रूम रीसेट होता है. एक सौ अस्सी कव्हर लगाना है. लाइट चेक, साउंड चेक, दरवाजा चेक. बीच में कोई आजी बैठेगा?"

"कोपऱ्यात बसेल, सर. शेवटचं टेबल."

"रूम-सर्विस दे दो."

"केबिनमध्ये ती काल जेवली. त्याचीच तक्रार आहे."

कुट्टींनी माझ्याकडे पाहिलं, मग छताला लटकलेल्या बोटीकडे. "छह बजे टेबल क्लीन चाहिए. छह मतलब छह. नहीं हुआ तो मैं रिपोर्ट में लिखूंगा."

"थँक यू, सर."

"अभी थँक यू मत बोलो."

मग गॅलीत गेलो. गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. शेफ नेगी गढवालचे, मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांच्याकडे जैन जेवणाचा वेगळा कोपरा आहे, भांडी वेगळी, तवा वेगळा, माणूस वेगळा. मी त्यांना मेन्यू सांगितला आणि मग, स्वतःवर खूश होऊन, वर एक कल्पना दिली. पाताळात मुलांचं जेवण समुद्री प्राण्यांच्या आकाराचं असतं, त्याचे साचे आहेत. म्हटलं, नेगीजी, जैन जेवण पण त्याच साच्यांतून काढू. त्या मुलीला आपलं पान वेगळं, आजारी माणसाचं वाटायला नको. सगळ्या मुलांसारखं थीमचं पान मिळू दे, तिला आणि तिच्या आजीला.

नेगी म्हणाले, "टाइम लगेगा." आणि दोन तास त्यात घातले.

सूर्य बुडायच्या आत सगळ्यांचं जेवण एकत्र होईल, असं मी बांना केबिनमध्ये फोन करून सांगितलं होतं, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. सव्वापाचला ते चौघं आले. अंधारात जेवत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी सफाईच्या वेळचे पांढरे दिवे लावायला सांगितले होते. त्या उजेडात पाताळाची सगळी कळा जाते. प्लायवूड दिसतं, वायरी दिसतात, स्क्रीनवरचा देवमासा अर्ध्यात थांबलेला असतो. बा दारात उभ्या राहिल्या. पांढरी साडी, हातात छोटी पिशवी. वरच्या पाटीवरचं नाव त्यांनी वाचलं.

"पाताळ. हितेश, मला जिवंतपणीच खाली घेऊन आला?"

हितेशची बायको हसली. मग हितेश हसला. काल रात्रीनंतर माय-लेकांत पहिल्यांदाच काही सैल झालं असावं, कारण तो हसताना डोळे पुसत होता.

इथे मी शहाणपणाने ताट मांडायला हवं होतं. पण मुकुट घातला होता. मी राजाचा प्रवेश केला. पूर्ण केला. त्रिशूळ आपटला, सात समुद्रांची नावं घेतली, जियाला पाताळची राजकन्या केलं, बांना राजमाता केलं. त्यात पंधरा मिनिटं गेली. जिया टाळ्या वाजवत होती आणि मला थांबता येत नव्हतं.

मग चार ताटं आली, वर चकचकीत झाकणं. मी एकदम चारही झाकणं उचलायला लावली.

माशाच्या आकाराचे पराठे. कासवाच्या आकारात भात. मूगडाळीच्या टिक्क्या, दोन्ही बाजूंना नांग्या असलेले खेकडे. नारळाची बर्फी, समुद्रघोडा. कारागिरी अशी, की पराठ्यावर खवल्यांच्या रेघा होत्या. आणि प्रत्येकाला नेगींनी काळ्या मिरीचे दोन डोळे लावले होते.

बांनी ताटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात जोडून ते वाक्य म्हणाल्या, भूक नसल्याचं.

"बा, नुसता गहू आहे," मी म्हटलं. "कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तवा वेगळा. मी स्वतः उभा होतो."

"ते समजलं मला, भाई. खूप मेहनत केली तुमी."

"मग?"

त्या जियाला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकल्या. "याला डोळे आहेत."

हितेश म्हणाला, "बा, काळी मिरी आहे ती."

"काय आहे ते मला माहीत आहे. पण तोडताना माझा हात काय तोडतो, ते पण बघायला लागतं ना."

जियाने हातातला काटा खाली ठेवला. ती आपल्या पराठ्याकडे बघत होती आणि पराठा तिच्याकडे.

आणि त्या क्षणी मला जसुमासींचं स्वयंपाकघर आठवलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. खिशातून हत्तीच्या आकाराचं बिस्किट काढून मी ऐटीत त्यांच्या मुलाला दिलं होतं. मासींनी ते त्याच्या हातातून हलकेच काढून माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाल्या, "हे तू तुझ्या घरी खा, दीकरा." आणि डब्यातली साधी गोल बिस्किटं आम्हा दोघांना दिली. मला वाटलं, त्यांना ती कंपनी आवडत नसेल. चाळीस वर्षं मी तेच समजत होतो.

हितेशचा चेहरा पुन्हा कालच्यासारखा व्हायला लागला होता. "ठीक आहे, बा. चल, खोलीत जाऊ," असं तो म्हणणार, हे दिसत होतं.

मी त्रिशूळ टेबलाला टेकवून ठेवला आणि म्हटलं, "बा, चूक माझी आहे. शेफची नाही, हितेशभाईंची नाही. मला एक सांगा, गोल चालेल?"

"गोल काय?"

"नुसतं गोल. पोळी."

बांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. "रोटली तर गोलच असते, भाई. तुमीच तिला मासा बनवला."

"पंधरा मिनिटं द्या."

"सूर्य देईल तर मी देईन."

खिडकी नव्हती, ही आणखी एक अडचण. मी रेडिओवर, म्हणजे आमच्या वॉकीटॉकीवर, बावतीसला गाठलं. बावतीस उत्तनचा कोळी, आमच्या जहाजावर डेकचं काम बघतो. त्या वेळी तो सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. म्हटलं, सूर्याकडे लक्ष ठेव आणि मला सांगत राहा. दर्यावर फिरणारी माणसं हात लांब करून सूर्य आणि पाण्याच्या मध्ये किती बोटं बसतात ते मोजतात. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं.

"दोन बोटं हाय, सुहासदादा," रेडिओ म्हणाला.

"ढग?"

"न्हाय. साफ हाय."

रेडिओ मी टेबलावर बांसमोर ठेवला आणि गॅलीकडे धावलो. मुकुट काढायला वेळ नव्हता.

गॅलीत त्या वेळी युद्ध असतं. साडेसहाच्या एकशे ऐंशी पानांची तयारी, चाळीस माणसं, सगळे एकमेकांना 'बिहाइंड, बिहाइंड' म्हणत मागून जातात. मी नेगींपुढे उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं.

नेगींनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. "दो घंटा लगा मुझे. आँखें मैंने खुद लगाईं."

"चूक माझी आहे, नेगीजी. साचे वापरायला मी सांगितलं. शिव्या नंतर द्या, मी स्वतः घ्यायला येतो."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा मला माझं कॉन्ट्रॅक्ट वगैरे काही आठवलं नाही. केबिनमध्ये बसून खाकरा खाणारी बाई दिसत होती फक्त.

"कितना टाइम?"

"बारा मिनिटं."

नेगींनी मान वळवली. "जैन कोना खाली करो. दो आदमी इधर."

मग हिशेब झाला, काय साच्यात गेलंय आणि काय नाही. डाळीला आकार नसतो, ती वाचली. कच्च्या केळ्याची भाजी वाचली. पातेल्यात तळाला भात होता, कासव न झालेला. मटार होते. पापड होते. कणकेचा एक गोळा झाकून ठेवलेला होता. पोळ्या तेवढ्या करायच्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जहाजावर गॅस नसतो. उघडी आग चालत नाही, सगळं विजेच्या तव्यावर. आणि फुलका म्हणजे आगीवर टाकून फुगवायची चीज. आमच्याकडे रोज शेकडो नान निघतात, फुलका कुणी करत नाही. नेगींनी स्वतः बाह्या दुमडल्या. पहिला लाटला, तव्यावर टाकला, उलटला, फडक्याची घडी करून कडेने दाबला. नाही फुगला. पापडासारखा पडून राहिला.

"माँ ऐसे ही करती थी," नेगी पुटपुटले. "चूल्हा ठंडा हो तो कपड़े से."

दुसरा टाकला. कडेने दाबत दाबत नेला. एका बाजूने हवा सरकली, मधोमध आली, आणि फुलका टम्म झाला. पलीकडच्या ओट्यावर मासे साफ करणारे दोघं हात थांबवून बघत होते. नेगींनी मिशीतून हसल्यासारखं केलं आणि तिसरा टाकला.

मी आठ फुलके घेऊन धावलो. फुगा बसायच्या आत ताटात पोचायला हवे होते, म्हणून खरोखर धावलो. पाच वाजून बावन्न.

टेबलावर रेडिओ बोलत होता. "एक बोट हाय." आणि बा रेडिओला उत्तर देत होत्या, "बराबर बघ हां, बेटा." बटण न दाबता. त्याला ऐकू जात नव्हतं, पण दोघांचं छान चाललं होतं.

मी ताटं मांडली. डाळ, भाजी, भात, मटार, भाजलेला पापड, आणि वर फुगलेले फुलके. जियाने माझ्याकडे पाहिलं.

"राजा अंकल, थीम गेली?"

मी 'मोती' म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग लक्षात आलं की मोती शिंपल्यातून काढतात, आणि त्या दिवसापुरत्या माझ्या चुका पुरेशा झाल्या होत्या. वर पाहिलं. थांबलेल्या देवमाशाच्या तोंडातून स्क्रीनवर हवेचे गोळे निघालेले होते, तेही थांबलेले.

"थीम कशी जाईल, राजकन्ये? पाताळात राजाच्या घरी जेवायला काय असतं? बुडबुडे. आता गरम आहेत तोवर फोडायचे."

जियाने बोट लावायच्या आधी बांनीच लावलं. फुलका फुटला, वाफ वर आली, बांच्या चष्म्यावर बसली. त्या तशाच, काही न दिसता, हसायला लागल्या.

"हा फुटला तर पाप नाय," म्हणाल्या.

मग चौघं जेवली. मी बावीस वर्षं लोकांना जेवताना बघतोय. लॉब्स्टर खाताना बघितलंय, सोन्याचा वर्ख लावलेला केक खाताना बघितलंय. एवढ्या मन लावून, एवढ्या घाईत आणि एवढ्या आनंदात जेवणारं टेबल मी पाहिलेलं नाही. हितेश बांच्या ताटात मटार वाढत होता. बा जियाला बुडबुडे फोडून देत होत्या. हितेशची बायको म्हणाली, "काल सर्कशीत दहा आयटम होते, तिने एक धड नाही खाल्ला." जिया तिसऱ्या फुलक्यावर होती.

सहा वाजले. दरवाजा उघडला. कुट्टी आत आले, हातात क्लिपबोर्ड.

त्यांनी पांढरे दिवे पाहिले, माझी अर्धी सुटलेली दाढी पाहिली, डाळ सांडलेला टेबलक्लॉथ पाहिला. ओठ मिटले. मी स्पष्टीकरण द्यायला पुढे झालो, तेवढ्यात बांनी त्यांना हाताने बोलावलं.

"साहेब, या, बसा. गरम आहे."

"मॅडम, आय अॅम ऑन ड्यूटी."

"ड्यूटीवाल्याला भूक नसते?"

कुट्टींना मराठी जेमतेम कळतं, पण हा प्रश्न त्यांना नीट कळला. पाहुण्यांच्या टेबलावरचं खायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि तो नियम मला शिकवला होता कुट्टींनी. बांनी फुलक्याचा तुकडा डाळीत बुडवून पुढे धरला. कुट्टी आणखी दोन सेकंद उभे राहिले. मग क्लिपबोर्ड काखेत घालून त्यांनी तो उभ्या उभ्या खाल्ला. खाऊन झाल्यावर घड्याळाकडे पाहिलं.

"सुहास, किचन को बोलो, एक और."

सहा वाजून चार मिनिटांनी बांनी शेवटचा घास घेतला. मग ताटात थोडं पाणी ओतलं, बोटाने फिरवलं, डाळीचा, भाताचा जो कण राहिला होता तो त्या पाण्यात गोळा केला आणि ते पाणी पिऊन टाकलं. जसुमासीही असंच करायच्या. ताटात काही टाकून उठायचं नाही. वर पेलाभर साधं पाणी प्यायल्या, डोळे मिटून हात जोडले.

"बुडाला, दादा," रेडिओ थोड्या वेळाने म्हणाला. "गेला सूर्य."

"थँक यू, बावतीस," जिया म्हणाली, बरोबर बटण दाबून.

ताटं मीच गॅलीत नेली. नेगींनी बांचं ताट उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. जहाजावर रोज किती अन्न फेकलं जातं, ते आम्ही दोघं जाणतो, इथे सांगत नाही. नेगी म्हणाले, "सुहास, ऐसी प्लेट मेरे पास कभी वापस नहीं आई." मग त्यांनी ठरल्याप्रमाणे मला शिव्या दिल्या. दोन तासांच्या मेहनतीच्या, सविस्तर. मी मुकुट काढून, उभा राहून घेतल्या. उरलेले मासे आणि खेकडे रात्री क्रूने खाल्ले. डोळ्यांसकट.

सात वाजता वादळ झालं तेव्हा ते चौघं त्याच कोपऱ्यात, एका वेटरने आणून दिलेल्या खुर्च्यांवर बसून बघत होते. समोर काही नव्हतं, पाणीसुद्धा नाही. मी धुरातून अवतरलो. शेकडो टाळ्यांमध्ये एक टाळी जरा उशिरा, जरा संथ पडत होती. मी तिच्यासाठी आणखी एक समुद्र वाढवून सांगितला.

कुट्टींनी रिपोर्टमध्ये लिहिलं. आमच्यात 'गेस्ट रिकव्हरी' असा एक रकाना असतो, म्हणजे काही बिघडल्यावर पाहुण्याला परत खूश कसं केलं. त्यात लिहिलं होतं : "रिकव्हरी उत्तम. बिघडवणारा आणि सुधारणारा एकच इसम." कॉन्ट्रॅक्ट मिळालं. पुढच्या सीझनपासून पाताळात रोज पाच वाजता एक वेगळी पंगत बसते. पांढरे दिवे, गोल ताटं, कुठल्याही पदार्थाला डोळे नाहीत, आणि बावतीसची बोटं. पहिल्या आठवड्यातच ती भरली. कुट्टी वरच्या साहेबांना सांगतात की ही कल्पना त्यांची. मी मान डोलावतो. त्या दिवशी त्यांनी दरवाजा उघडू दिला नसता तर सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं.

या सीझनआधी सुट्टीवर गेलो तेव्हा जसुमासींना भेटून आलो. आता त्यांना नीट दिसत नाही. मी त्यांना हत्तीच्या बिस्किटाबद्दल विचारलं. त्यांना ते आठवत नव्हतं. म्हणाल्या, "तू विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, दीकरा." हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. मी मात्र ते लिहून ठेवलं.

कारण चूक तीच होती. मला सगळं माहीत होतं, म्हणून मी विचारलं नाही. आमच्या स्पेशल जेवणाच्या फॉर्ममध्ये 'काय खात नाही' याचे चौदा चौकोन होते. आता मी खाली पंधरावी ओळ घालून घेतली आहे : 'आम्हाला विचारायचं सुचलं नाही असं काही?' लोक मनापासून भरतात. कुणी लिहितं, ताट उजवीकडून वाढा. कुणी लिहितं, पहिला घास काढून ठेवायला वाटी द्या. मागच्या ट्रिपला वसईच्या एका आजोबांनी लिहिलं होतं, सून समोर बसवू नका.

तेही पाळलं. सुनेने जाताना माझे दोनदा आभार मानले.